दोन ग्राफिक्स कार्ड लावली की गेम डबल पळतो का?

गेल्या आठवड्यात आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेतला एक पोरगा घरी आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दोन वर्षं शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत आणि आता त्याला एकदम टॉपचा गेमिंग पीसी करायचाय. मोबाईलवर लिस्ट दाखवली, त्यात एनव्हीडिया कंपनीचं आरटीएक्स ३०९० हे ग्राफिक्स कार्ड, दोन नग, सेकंडहँड, आणि दोन्ही मिळून एका नव्या भारी कार्डापेक्षा स्वस्त. विकणाऱ्यानं त्याला सांगितलेलं की २४ जीबी अधिक २४ जीबी, म्हणजे ४८ जीबी मेमरीचं मशिन होतंय तुझं, पुढची पाच वर्षं बघायला नको. "दादा, टोकन देऊन टाकू का?"

मी थांब म्हणालो. पण नुसतं थांब म्हणून पोरांचं समाधान होत नाही आणि होऊ पण नये, पैसे त्याचे, कष्ट त्याचे, त्याला कारण कळायला पाहिजे. तास दीड तास बसलो. या महिन्यात हाच प्रश्न घेऊन आलेला तो तिसरा, यूट्यूबवर एआयसाठी दोन-दोन चार-चार कार्डं लावलेली मशिनं दिसायला लागल्यापासनं हा विषय परत वर आलाय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

कार्ड नेमकं करतं काय

गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. एका चित्राला फ्रेम म्हणायचं, आणि सेकंदाला किती फ्रेम निघतात तो आकडा म्हणजे एफपीएस. ६० एफपीएस पाहिजे तर एका फ्रेमला वेळ मिळतो साधारण १६.७ मिलिसेकंद, १४४ पाहिजे तर ७ च्या पण आत. फोरके स्क्रीन असली तर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके, प्रत्येकाचा रंग, उजेड, सावली तेवढ्या वेळात ठरवायची. हे काम ग्राफिक्स कार्डाचं. त्याला लागणारा माल, म्हणजे भिंतींचे पोत, माणसांचे चेहरे, झाडं वगैरे, हे सगळं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेलं असतं, तिला व्हीरॅम म्हणतात. आणि प्रोसेसर कार्डाला सांगत राहतो की आता काय काढायचं. एवढं डोक्यात ठेवलं तरी पुढचं सगळं कळतंय.

दोन कार्डांची युक्ती आली कुठनं

ही काय आजची गोष्ट नाही. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू २ कार्ड आलं, त्याची दोन कार्डं जोडता यायची, एक कार्ड पडद्यावरच्या एक-आड-एक ओळी काढायचं आणि राहिलेल्या ओळी दुसरं काढायचं. एका कार्डावर ८०० गुणिले ६०० पर्यंतच चित्र मिळायचं, दोन लावली की १०२४ गुणिले ७६८, म्हणजे तेव्हा खरंच फायदा होता. पुढं थ्रीडीएफएक्सची ही विद्या एनव्हीडियाकडं गेली, २००४ मध्ये त्यांनी एसएलआय नावानं दोन कार्डं जोडायची सोय परत आणली, आणि २००५ मध्ये त्यांची प्रतिस्पर्धी एटीआय हिनं तशीच क्रॉसफायर नावाची सोय आणली, ती कंपनी नंतर एएमडीनं घेतली.

ज्यांनी त्या काळात दोन कार्डं लावली त्यांना चूक म्हणायचं काही कारण नाही. मधल्या किमतीची दोन कार्डं मिळून सगळ्यात महागड्या कार्डाला गाठायची, चांगल्या जमलेल्या गेममध्ये तर वर पण जायची. आज जे मोठे भाऊ, मामा लोकं पोरांना "अरे दोन टाक की, आम्ही टाकायचो" म्हणतात ते खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांचा काळ आणि आजचा काळ यात गेम बनवायची पद्धतच बदललीय.

दोन चुली आणि एक पंगत

एसएलआयच्या काळात पुढं पुढं ओळी वाटून घ्यायचं मागं पडलं आणि बहुतेक गेममध्ये फ्रेम वाटून घ्यायचं सुरू झालं, पहिली फ्रेम एक नंबरचं कार्ड काढणार, दुसरी दोन नंबरचं, तिसरी परत एक नंबरचं.

आता असं समजा की पंगत बसलीय आणि चुलीवरनं ज्वारीची भाकरी थेट ताटात चाललीय. एक बाई एका मिनिटाला एक भाकरी उतरवते. मग शेजारी दुसरी चूल मांडली, दुसरी बाई बसली, ती पण मिनिटाला एक. हिशोबानं मिनिटाला दोन भाकरी झाल्या. बरोबर आहे. पण दोघींनी एकदमच थापायला घेतली तर दोन भाकरी एकदम ताटात पडणार आणि मग पूर्ण मिनिटभर जेवणाऱ्याचा हात रिकामा. मोजणाऱ्याच्या वहीत मिनिटाला दोन, जेवणाऱ्याला मात्र अडखळत जेवण.

गेममध्ये अगदी हेच व्हायचं. एक फ्रेम ५ मिलिसेकंदात आली, पुढची २८ नं आली, परत ५, परत २८. दोन फ्रेमला ३३ मिलिसेकंद म्हणजे कोपऱ्यातला आकडा ६० एफपीएस दाखवणार, आणि डोळ्याला वाटणार की ३० च्या आसपास चाललंय. याला मायक्रोस्टटर म्हणायचे. अंतर सारखं ठेवायला ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड आणि गेम यांच्यात बोलणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बरीच खटपट केलेली, बऱ्याच गेममध्ये ते सुधारलं पण. पण गेममध्ये एक फ्रेम हलकी असते तर स्फोट झाला की पुढची एकदम जड, त्यामुळं दोघींचा ताल कायम जुळवून ठेवणं फार अवघड.

आणि एक गोष्ट पोरांना पटकन लक्षात येत नाही ती ही की दुसरी चूल मांडली म्हणून एक भाकरी भाजायला लागणारा वेळ कमी होत नाही! भाकरी तेवढाच वेळ तव्यावर राहणार. तुम्ही माऊसचं बटण दाबलं आणि गोळी सुटलेली दिसली यातला वेळ त्यामुळं आकडा डबल झाला तरी अर्धा होत नाही. जो पोरगा शूटिंगचे गेम स्पर्धेसाठी खेळतोय त्याला तर हाच वेळ महत्त्वाचा. एकच तगडं कार्ड घेतलं की भाकरीच लवकर भाजते, आकडा पण वाढतो आणि हात पण लवकर हलतो.

शिवाय पीठ मळून देणारा एकच आहे, प्रोसेसर. त्याचा हात धीमा असला तर दोन काय चार चुली मांडा, सगळ्या वाट बघत बसणार.

२४ अधिक २४ बरोबर ४८ का होत नाही

विकणाऱ्यानं त्या पोराला जे सांगितलं त्यात सगळ्यात मोठी चूक इथं आहे. दोन चुलीवर दोघी बसल्या तर प्रत्येकीला आपली परात लागते, त्यात पीठ, मीठ, पाणी सगळं स्वतःचं. दोघींच्या परातीत एकेक किलो पीठ आहे म्हणून त्यातली एक बाई दोन किलोची भाकरी थापू शकत नाही. गेममध्ये दोन्ही कार्डांना तीच दुनिया काढायची असते, तोच रस्ता, तीच घरं, म्हणून तोच माल दोन्हीकडं कॉपी करून ठेवावा लागतो. दोन ३०९० लावली तरी गेमच्या हिशोबानं मेमरी २४ जीबीच.

"पण मध्ये ब्रिज लावला की मेमरी एक होते ना?" हा प्रश्न त्यानं विचारला आणि चांगला विचारला. ३०९० ला एनव्हीलिंक नावाची जोडपट्टी लावायची सोय आहे हे खरं. काही थ्रीडी रेंडरिंगची, म्हणजे बंगल्यासारख्या गोष्टींची खरीखुरी वाटणारी चित्रं काढायची, सॉफ्टवेअर तिच्यातनं एकमेकांची मेमरी वापरतात. पण वेग बघा. ३०९० ला स्वतःच्या मेमरीतनं माल उचलायचा वेग सेकंदाला ९३६ जीबी. जोडपट्टीवरनं दोन्ही बाजूचं मिळून साधारण ११२, म्हणजे एका दिशेला ५६. आणि जोडपट्टी नसेल तर मदरबोर्डाच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधनं चौथ्या पिढीच्या पूर्ण १६ लेन, म्हणजे माल जायच्या १६ वाटा, मिळाल्या तरी एका दिशेला ३२ च्या आसपास, आणि दोन कार्डं लावल्यावर साध्या बोर्डावर ८-८ लेन वाटून जातात, म्हणजे १६. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरची सगळी वाहतूक ओढ्यावरच्या फरशीवरनं वळवल्यासारखं आहे ते. ७ मिलिसेकंदात फ्रेम पाहिजे असताना गेमला हे परवडत नाही.

मग हे बंद कशामुळं पडलं

लोकं म्हणतात कंपन्यांनी महागडी कार्डं खपवायला मुद्दाम बंद केलं. कंपनी फायदा बघणारच, पण माझ्या मते खरं कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

आजचे गेम प्रत्येक फ्रेम कोऱ्या कागदावर काढत नाहीत. मागच्या फ्रेममध्ये काय होतं ते बघून पुढची सुधारतात, कडा गुळगुळीत करायला, उजेड-सावलीचा खरखरीतपणा घालवायला, आणि कमी ठिपक्यांवरनं मोठं चित्र तयार करायला, म्हणजे डीएलएसएस आणि एफएसआर ही नावं ऐकली असतील ती. कॉलेजातलं जर्नल आठवा. दोन मित्रांनी ठरवलं की एक पान तू लिही, एक पान मी लिहितो, म्हणजे निम्म्या वेळात संपेल. थिअरी असेल तर होईल पण तसं. पण रीडिंग आणि कॅल्क्युलेशन असेल आणि प्रत्येक पानावरचं उत्तर मागच्या पानावरच्या उत्तरावर अवलंबून असेल, तर दुसरा मित्र पेन हातात धरून पहिल्याची वाट बघत बसणार. पहिल्याचं झालं की पान त्याच्याकडं द्यायचं, मग हा वाट बघणार. दोघं असून काम एकाच्याच वेगानं चाललं, उलट पान द्यायघ्यायचा वेळ वाढला. एकाआड एक फ्रेमची पद्धत इथं मोडली.

दुसरं कारण जबाबदारीचं. पूर्वी दोन कार्डं कशी वापरायची हे एनव्हीडिया किंवा एएमडीवाले ड्रायव्हरमधनं जमवायचे, प्रत्येक गेमसाठी वेगळं प्रोफाईल. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२, म्हणजे विंडोजवर गेमनं कार्डाशी बोलायची मायक्रोसॉफ्टची नवी पद्धत, आली तेव्हा दोन कार्डं वापरायचं काम गेम बनवणाऱ्याच्या हातात गेलं. त्यात ताकद खूप होती, ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी नावाच्या गेमनं तर वेगवेगळ्या कंपनीची दोन कार्डं एकत्र चालवून दाखवलेली. पण दोन कार्डं असणारी गिऱ्हाईकं मूठभर, त्यांच्यासाठी महिनोन्महिने मेहनत कोण घेणार?

मग एकेक दार बंद होत गेलं. एएमडीनं २०१७ मध्ये क्रॉसफायर हे नाव बाजूला ठेवलं. एनव्हीडियाच्या २०२० च्या ३० सिरीजमध्ये फक्त ३०९० ला जोडपट्टीची जागा उरली. १ जानेवारी २०२१ पासनं एसएलआयची नवीन प्रोफाईलं ड्रायव्हरमध्ये टाकायचं पण त्यांनी थांबवलं, ज्या गेममध्ये आतूनच सोय केलीय तेवढेच चालणार. २०२२ च्या ४०९० ला जोडपट्टीची जागाच नाही. म्हणजे आज दोन ३०९० घेऊन, ब्रिज शोधून, बोर्ड महागाचा घेऊन नवा गेम सुरू केला तर बहुतेक वेळा दुसरं कार्ड नुसतं बसून राहणार, पंखा पण फिरणार नाही कदाचित.

मग यूट्यूबवरची चार कार्डांची मशिनं खोटी का?

अजिबात नाही, आणि हा मुद्दा नीट कळला पाहिजे कारण सगळा गोंधळ इथंच होतोय.

थ्रीडी रेंडरिंग घ्या. आर्किटेक्ट लोकं बंगल्याचं चित्र काढतात त्यात एका चित्राला काही मिनिटं लागली तरी चालतंय, चित्राचे तुकडे करून कार्डांना वाटून देता येतात आणि एका तुकड्याचं दुसऱ्यावाचून काही अडत नाही. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन कार्डं लावली तर काम जवळपास निम्म्या वेळात होतं. तिथं घाई मिलिसेकंदाची नाही.

एआयचं मॉडेल घरी चालवायचं असेल तर अजून वेगळं. ते मॉडेल म्हणजे एकावर एक थर असतात. आपल्याकडचं गुऱ्हाळ बघितलंय ना, चरकावर रस निघतो, मग काहिलीत उकळतो, मग वाफ्यात ओतून ढेप पडते. एका शेडमध्ये सगळं मावत नसेल तर चरक एका शेडमध्ये आणि काहिल शेजारच्या शेडमध्ये, मध्ये फक्त रसाची एक नळी. तसं निम्मे थर एका कार्डावर आणि निम्मे दुसऱ्यावर ठेवायचे, मधनं जाणारा माल अगदी थोडा असतो, त्यामुळं अरुंद रस्ता पण पुरतो. इथं मात्र २४ अधिक २४ खरंच ४८ च्या जवळ जातं आणि म्हणूनच जुन्या ३०९० ना एवढी मागणी आहे. अशा पद्धतीत मावतं जास्त, वेग मात्र डबल होईलच असं नाही, कारण एका शेडमध्ये काम चालू असताना दुसरं थांबलेलं असतं. पण मोठं मॉडेल मुळात मावणं हेच तिथं महत्त्वाचं.

गेमसाठी आजही दुसरं कार्ड कामाला लावायची एक वाट आहे ती पण सांगतो. लॉसलेस स्केलिंग नावाचं एक स्वस्त सॉफ्टवेअर मिळतं, त्यात मोठं कार्ड गेम काढतं आणि दुसरं छोटं कार्ड दोन फ्रेमच्या मधली फ्रेम अंदाजानं तयार करून घालतं. मॉनिटरची केबल तेव्हा दुसऱ्या कार्डाला लावायची. घरात जुनं कार्ड पडलेलं असेल आणि बोर्डावर बरा स्लॉट असेल तर करून बघा, हलतं-डुलतं चित्र मऊ दिसतं. पण त्यासाठी मुद्दाम दुसरं कार्ड विकत घेऊ नका, मधल्या फ्रेमा अंदाजाच्या असतात, बटणाचा वेग त्यानं वाढत नाही.

सांगलीतल्या मे महिन्याचा पण विचार करा

एका ३०९० ला ३५० वॅट, दोघांना ७००, त्यात प्रोसेसर आणि बाकीचं धरलं तर हजाराच्या आसपास. म्हणजे १२०० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय. घरातला साधा ६ ॲम्पिअरचा पॉईंट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतचा, त्याच एक्स्टेंशनवर मॉनिटर, स्पीकर, चार्जर लावले की गरम व्हायला लागतो. १६ ॲम्पिअरचा पॉईंट आणि व्यवस्थित अर्थिंग पाहिजे. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर असलं मशिन टाकायचा विचार करू नका. हजार वॅटचं मशिन रोज ४ तास चाललं तर महिन्याला १२० युनिट, हे आई-वडिलांना आधीच सांगा.

आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. इथं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली संध्याकाळी आठला पण तापलेली असते, त्यात हजार वॅट म्हणजे खोलीत हीटर लावून गेम खेळल्यासारखं. ३०९० ची मेमरी चिप निम्मी कार्डाच्या पाठीवर आहे आणि ती आधीच खूप तापते, एकाखाली एक दोन जाड कार्डं बसवली की वरच्या कार्डाला खालच्याची गरम हवा ओढावी लागते. मार्केट यार्डाजवळच्या एका घरातला पीसी मी उघडला होता तेव्हा फिल्टर हळदीच्या बारीक धुळीनं पिवळा झालेला, एकच कार्ड होतं तरी धापा टाकत होतं. दोन असती तर काय झालं असतं ते मला बघवलं नसतं.

बोर्डाचं पण बघा. स्वस्त बोर्डावर दुसरा लांब स्लॉट दिसतो पण आत चारच लेन जोडलेल्या असतात. खरे ८-८ वाटून देणारे बोर्ड महाग, मग कार्डात वाचवलेले पैसे बोर्ड, पॉवर सप्लाय आणि मोठ्या कॅबिनेटमध्ये जातात.

"आत्ता एक घेतो, दुसरं नंतर टाकीन"

हे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. दोन वर्षांनी तेच मॉडेल बाजारात सापडायला पाहिजे, त्यासाठी बोर्ड आणि पॉवर सप्लाय आजच मोठा घेऊन ठेवायचा, आणि त्यातनं गेमला काही मिळत नाही. त्यापेक्षा दोन वर्षांनी आहे ते कार्ड विका, वर थोडी भर घाला आणि त्यावेळचं एक चांगलं कार्ड बसवा.

मग त्या पोराला मी काय सांगितलं? आधी मॉनिटर ठरव. १४४० रेझोल्युशनचा, म्हणजे फोरकेपेक्षा कमी ठिपक्यांचा, असेल तर १६ जीबीचं एक कार्ड बघ, २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०७० टीआय किंवा एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी, दोन्ही ३०० वॅटच्या आसपास, ७५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय पुरतो. गेममध्ये यातलं एकटं कार्ड ३०९० च्या पुढं जातं, आणि डीएलएसएसची फ्रेम वाढवायची जी सोय आहे ती ३०९० वर मिळत नाही. अगदी टोकाचं फोरके खेळायचं असेल तर ५०९० आहे, ३२ जीबी, पण ते एकटंच ५७५ वॅट खातं आणि किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाही. २०२५ च्या शेवटापासनं रॅमचे भाव पण वर गेलेत, तिकडं पैसे राखून ठेव.

आणि सेकंडहँडच घ्यायचं असेल तर कुरिअरनं मागवू नको, समोर जा, अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून बघ, तापमानाचा आकडा बघ, पंख्याचा आवाज ऐक, बिल आणि सिरियल नंबर जुळतोय का बघ. ३०९० सप्टेंबर २०२० मध्ये आलं, तेव्हाच्या बऱ्याच कार्डांची वॉरंटी संपून गेलेली असणार.

जाताना तो म्हणाला की त्याची ताई पुण्यात इंटिरिअरचं काम करते, तिचं रेंडरिंग लॅपटॉपवर रात्रभर चालतं, तर ती दोन कार्डं तिच्यासाठी चालतील का. मी म्हटलं, तिला विचार ती कोणतं सॉफ्टवेअर वापरते आणि एका सीनला मेमरी किती लागते, ते कळलं की रविवारी ये, तिच्यासाठी दोनाचा हिशोब मांडून बघू.